कोंबडीला घाम येत नाही

नवतपा म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या मंडळींना समजावून सांगावं लागतं. सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की मे महिन्याच्या शेवटी जे नऊ दिवस तापतात, तो नवतपा. १९७९ सालच्या नवतप्यातल्या एका दुपारपासून सुरुवात करतो, कारण आजचा विषय त्या दुपारीच माझ्या मागे लागला.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आईच्या कोंबड्यांचं जुनं खुराडं पळाट्यांच्या कुडाचं होतं, वर तुराट्या आणि गवत. मुंगसानं त्यातून दोन पिल्लं नेली, तेव्हा मी पगारातून पैसे काढून नवं खुराडं करून घेतलं. चारही बाजूंनी आणि वरून टिनपत्रा, दाराला कडी, हवेसाठी दोन भोकं. मुंगूस काय, उंदीरही आत शिरू नये असं पक्कं काम. आई शेजारच्या गावी लग्नाला गेली होती. गल्लीत एक कुत्रं फिरत होतं, म्हणून मी अकरा वाजता अकरा कोंबड्या आत घातल्या, कडी लावली आणि जेवून झोपलो.

चार वाजता दार उघडलं तेव्हा नऊ मेल्या होत्या. दोन चोच उघडी टाकून पडल्या होत्या, त्यांतली एक रात्री गेली. एक कोंबडी आणि कोंबडा मला सकाळी सापडलेच नव्हते. ते दोघे न्हाणीच्या मागे, निंबाच्या सावलीत, ओल्या मातीत पोट टेकून बसले होते. ते जगले.

आई संध्याकाळी आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काहून बाबू, कोंबड्याईले डब्यात भरलं? तिले घाम येत नाही. तिले सावली पायजे." घरातलं तेलमीठ आणि बहिणीच्या वह्या-पुस्तकं आठवडी बाजारात विकलेल्या अंड्यांवर चालत. ते पैसे आईचे स्वतःचे होते, त्यांचा हिशेब ती कुणाला देत नसे. त्या पावसाळ्यात तिच्याकडे विकायला अंडी नव्हती.

त्या कोंबड्या काही विलायती नव्हत्या. गावरानच होत्या, काटक. मग त्या का मेल्या? आणि शाळेत न गेलेल्या माझ्या आईला घामाची गोष्ट कशी ठाऊक होती? या दोन प्रश्नांपायी मी पुढची अनेक वर्षं कोंबडीचा इतिहास वाचत राहिलो.

आईचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. कोंबडीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचं नेहमीचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपण ज्याला जबरदस्त ताप म्हणू तो तिचा रोजचा. ते ४६-४७ अंशांच्या आसपास गेलं की ती जगत नाही. मधलं अंतर फार थोडं आहे.

उष्णता बाहेर टाकायचे तिचे मार्ग मोजकेच. पंख अंगापासून दूर धरायचे, तुऱ्यात आणि गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत रक्त खेळवायचं, थंड जमिनीला पोट लावायचं. हवाच अंगाइतकी तापली की यांतलं बरंचसं निकामी होतं आणि एकच उपाय उरतो, धापा टाकण्याचा. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारी कोंबडी अशा वेळी दीडशे-दोनशेच्या पुढे जाते. तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. पण यालाही किंमत पडते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचा समतोल ढळतो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा चुना कमी पडतो. उन्हाळ्यात गावोगावच्या बायका म्हणतात, अंडी पातळ आली, हात लावला की फुटतात, त्यामागचं मोठं कारण हे.

आता माझा टिनाचा डबा पाहा. पत्रा बाहेरून तापून आत उष्णता फेकत होता. एक कोंबडी स्वतः साधारण आठ-दहा वॉट उष्णता निर्माण करते, म्हणजे अकरा कोंबड्या मिळून जुना शंभर वॉटचा दिवाच आत पेटलेला. त्यांच्या धापांनी आतली हवा दमट झाली आणि हवा दमट झाली की धाप उपयोगाची राहत नाही. मुंगसाला बंद केलेल्या वाटेनं वाराही बंद झाला होता.

मग हा पक्षी आपल्या तापत्या मुलखात हजारो वर्षं जगला कसा? त्यासाठी तो मुळात कुठला, ते पाहावं लागेल.

सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. २०२० साली आठशेहून अधिक कोंबड्यांचे आणि रानकोंबड्यांचे जनुकसंच तपासून संशोधकांनी सांगितलं की, पाळीव कोंबडी निघाली ती नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या रानकोंबड्यापासून. २०२२ साली आणखी एक अभ्यास आला. जगभरच्या उत्खननांतली हाडं पुन्हा तपासल्यावर पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. माणसानं भाताची शेती सुरू केली, दाणे सांडू लागले, रानकोंबडे झाडांतून खाली येऊन शेताच्या कडेला रमले आणि हळूहळू घराजवळ आले, असं त्या संशोधकांचं म्हणणं.

हा पक्षी झाडाझुडपांतला. सकाळी आणि संध्याकाळी उघड्यावर चरायचं, भर दुपारी दाट सावलीत बसायचं आणि रात्री फांदीवर झोपायचं, हा रानकोंबड्याचा दिनक्रम. उष्ण प्रदेशातला पक्षी असला तरी तो उन्हातला नाही, सावलीतला आहे. हा फरक माझ्या लक्षात यायला दहा कोंबड्या जाव्या लागल्या.

आपला या कथेत एक खास वाटा आहे. पूर्वेकडच्या सालवनांत तांबडा रानकोंबडा राहतो, तर सह्याद्रीत आणि दक्षिणेत राखी रानकोंबडा. सह्याद्रीच्या घाटात पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो हा. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, जगातल्या असंख्य कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही, तो राखी रानकोंबड्याकडून आला आहे. म्हणजे पाळीव कोंबडी भारतात आल्यावर केव्हातरी इथल्या रानकोंबड्याशी तिचा संकर झाला. तो कोंबडा गावाच्या कडेला आला असेल किंवा कोंबडी रानाच्या कडेला गेली असेल. दोन्हींसाठी कोंबडी मोकळी असावी लागते.

मोकळेपणा हीच जुन्या कुक्कुटपालनाची मुख्य युक्ती होती. आमच्या घरची रीत आठवून पाहतो तेव्हा कळतं की, आई कोंबड्यांना थंड ठेवण्यासाठी वेगळं असं काही करत नव्हती, पण जे करत होती त्यातलं जवळजवळ सगळं त्या कामी येत होतं. दाणे टाकायची ते पहाटे आणि दिवस कलल्यावर. दुपारी नाही. खाल्लेलं पचवताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाण्यानंतर काही तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी उशिरा पोटभर खाल्लेली कोंबडी नेमकी दोन-तीन वाजता आतूनही तापते. पाणी असायचं मातीच्या परळात, न्हाणीजवळ, सावलीत. मातीतून झिरपून ते थंड राहायचं. थंडीत कोंबडी दाण्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, कडक उन्हाळ्यात चौपट. ते कोमट झालं की मात्र ती प्यायचं कमी करते.

खुराड्याला कुड होता, त्यातून वारा जायचा. वरच्या तुराट्या-गवतातून ऊन खाली उतरत नसे. आणि खुराड्याचा उपयोग रात्रीपुरता. दिवसा फक्त पिल्लं डालग्याखाली आणि डालगंही विणलेलं, हवा खेळणारं. परसात निंब होता, त्याच्याखाली कोंबड्यांनी उकरून खळगे केले होते. त्या धुळीत त्या लोळत, पिसांतल्या उवा-पिसवा झाडत आणि दुपारी तिथेच वरची तापलेली माती बाजूला सारून खालच्या गार मातीत बसत. आई ते खळगे झाडताना बुजवत नसे. मी एकदा अंगण सारखं करायला म्हणून बुजवले, तर तिनं कुदळ हातातून काढून घेतली होती. अशा शेकडो गावांतल्या हजारो बायकांची ही रीत कुठल्या ग्रंथात नाही. राजांच्या घोड्यांवर आणि हत्तींवर आपल्याकडे ग्रंथ झाले. परसातली कोंबडी बायकांची, म्हणून तिच्या उन्हाळ्याची नोंद कुणी केली नाही.

नोंद सुरू झाली ती विलायती कोंबड्या आल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज अधिकारी आणि मिशनरी लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा जाती भारतात आणू लागले. उत्तर प्रदेशातल्या एटा इथे अमेरिकन मिशनची कुक्कुटशाळा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावारूपाला आली. गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या हाती चार पैसे यावेत, हा त्यामागचा हेतू. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायची, या कोंबड्या त्याच्या दुपटी-तिपटीनं. लेगहॉर्न हलकी, मोठ्या तुऱ्याची, इटलीच्या लिव्होर्नो बंदराचं नाव घेऊन आलेली. ती उन्हाळा त्यातल्या त्यात सोसायची. अंगानं भारी आणि दाट पिसांच्या जाती मात्र एप्रिलपासूनच चोच उघडून बसायच्या.

बाहेरच्या देशांतही हाच प्रश्न होता. १९४० साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात वॉरन आणि श्नेपेल यांनी हवेचं तापमान आणि अंड्याच्या कवचाची जाडी यांचा संबंध मोजून दाखवला. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये येट्स, ली आणि हाइन्स यांनी उष्ण खोलीत कोंबड्या ठेवून त्यांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माझ्या टिनाच्या डब्यात जे अजाणता घडलं, ते तिथे मोजमापं घेऊन पाहिलं जात होतं. आपल्याकडे १९३९ साली इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत कुक्कुट विभाग सुरू झाला आणि १९७९ साली, आमच्या घरच्या त्या उन्हाळ्यानंतर काही महिन्यांनी, तिथेच केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली.

दरम्यान कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली होती. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुण्याचं नाव देशाच्या कुक्कुट व्यवसायाशी कायमचं जोडलं गेलं. अंडी स्वस्त झाली, सगळ्यांच्या ताटात आली. हे मोठं काम आहे आणि त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण इतिहासाच्या अंगानं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोंबडी पिंजऱ्यात गेली तेव्हा सावली शोधायचं तिचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं आणि ते आपल्याला करावं लागलं. म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे ऊन आत घुसत नाही. रुंदी फार ठेवायची नाही, म्हणजे वारा आरपार जातो. पत्र्यावर चुना मारायचा, वर गवत किंवा पाचट पसरायचं, बाजूंना ओलं गोणपाट बांधायचं. यातलं पाचट आणि वारा म्हणजे आईचं जुनं खुराडंच, फक्त शंभर फूट लांब केलेलं.

गोणपाटाचा इतिहास मात्र राजवाड्यातला आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोल्या थंड करण्याची रीत अकबराच्या दरबारी होती, अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत तिचा उल्लेख आहे. पुढे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांच्या दारांवर त्याच ताट्या आल्या. त्यांचंच पुढचं रूप म्हणजे विदर्भात घरोघरी घरघरणारा कूलर आणि आधुनिक शेडमध्ये एका टोकाला ओला पुठ्ठा व दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, एवढंच यातलं तत्त्व.

पण या तत्त्वाला भूगोल आहे. नागपूरला सावलीत ४४ अंश तापमान आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल, तर ओल्या ताटीतून आलेली हवा जास्तीत जास्त २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. रत्नागिरीला ३५ अंश आणि ७० टक्के दमटपणा असेल, तर ती ३० अंशांच्या खाली येतच नाही. उलट बंद जागेत पाणी शिंपडलं तर हवा आणखी दमट होऊन कोंबडीची धाप निकामी होते. म्हणून विदर्भ-खान्देशातला उपाय कोकणात आणि गोव्यात जसाच्या तसा चालत नाही. तिथे पाण्यापेक्षा वारा महत्त्वाचा. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, उघड्या बाजू, जमिनीपासून उचललेलं खुराडं, ही किनाऱ्यावरची रचना काही उगीच झालेली नाही.

शास्त्रज्ञांनी दुसरी वाटही धरली. घर बदलण्याऐवजी कोंबडीचीच पिसं कमी करायची. जगाच्या अनेक भागांत, आपल्याकडेही, उघड्या मानेच्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दिसायला त्या विचित्र, बाजारात लोक हसतात. पण तो गुण आई किंवा बाप, एकाकडून आला तर अंगावरची पिसं वीसेक टक्क्यांनी कमी होतात, दोघांकडून आला तर चाळीसेक टक्क्यांनी, आणि उघड्या कातडीतून उष्णता निघून जाते. २०११ साली एडिंबराजवळच्या रॉसलिन संस्थेतल्या संशोधकांनी या गुणामागचा जनुकीय बदल शोधून काढला. आपल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं या कोंबडीच्या संकरातून ‘हितकारी’ आणि कुरळ्या पिसांच्या कोंबडीच्या संकरातून ‘उपकारी’ हे वाण तयार केले, ते अंगणासाठीच. हैदराबादला १९८८ साली सुरू झालेल्या कुक्कुट प्रकल्पातून ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ आले, तेही अंगणासाठी. कोंबडी शेडमध्ये गेली, तसा संशोधनाचा एक हात पुन्हा अंगणाकडे वळला.

आज गावोगाव बायकांच्या बचत गटांना अशी पिल्लं मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण मी जिथे जिथे जातो तिथे परसात काय आहे ते आधी पाहतो. अंगणात सिमेंट आलं आहे, न्हाणी घरात गेली आहे, निंब रस्त्यासाठी तोडला आहे आणि खुराडं बहुतेक ठिकाणी पत्र्याचं आहे. २०१५च्या मे महिन्यात आंध्र-तेलंगणात उष्णतेच्या लाटेत शेडमधल्या कोंबड्या मोठ्या संख्येनं मेल्या, ती बातमी झाली. परसातल्या दहा कोंबड्या मेल्या तर बातमी होत नाही. तिथे फक्त एका बाईच्या हातातले पैसे जातात. उन्हाळे वाढत चालले आहेत, तेव्हा पिल्लांबरोबर एखादं झाडाचं रोप आणि सावलीसाठी चार बांबूही द्यायला हवेत, असं मला वाटतं. कोंबडी कितीही काटक असली, उघड्या मानेची असली, तरी बंद पत्र्यात ती जगणार नाही. माझ्या कोंबड्या गावरानच होत्या.

त्या पावसाळ्यात आईनं माझं टिनाचं खुराडं मोडलं नाही. पैसे लागले होते. तिनं चारही बाजूंचे पत्रे काढले आणि तिथे जाळी लावून घेतली. वर पळाट्या आणि गवताचा वीतभर थर टाकला, सगळं उचलून निंबाखाली नेलं. दाराची कडी मात्र तशीच ठेवली, रात्री मुंगसासाठी. उरलेल्या कोंबडीखाली तिनं शेजारणीकडून आणलेली अंडी ठेवली. दिवाळीपर्यंत परसात पुन्हा पिल्लं फिरू लागली. पुढच्या नवतप्यात मी सुट्टीवर गेलो, तेव्हा परळात पाणी भरायचं काम तिनं माझ्याकडे दिलं. दिवसातून तीन वेळा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)